घरच्या बिटकॉइन नोडचे पोर्ट पुन्हा पुन्हा बंद पडते तेव्हा

बिटकॉइन कोअर, म्हणजे घरच्या यंत्राला बिटकॉइनच्या जाळ्यातला नोड बनवणारे सॉफ्टवेअर, व्यवस्थित चालू असते, साखळी (सर्व व्यवहारांची ब्लॉकांत साठवलेली नोंदवही) शेवटच्या ब्लॉकपर्यंत उतरलेली असते, पण इतर नोडशी असलेल्या जोडण्यांचा आकडा दहाच्या आसपास अडकून बसतो आणि त्यांत बाहेरून आलेली जोडणी एकही नसते. कोल्हापुरात घरी नोड चालवणाऱ्या माझ्या ओळखीच्या माणसांत ही तक्रार इतकी नेहमीची आहे की फोनवर ‘दहावरच आहे’ एवढे म्हटले तरी पुढचे सांगावे लागत नाही.

हा दहाचा आकडा योगायोगाचा नाही. बिटकॉइन कोअर आपणहून आठ पूर्ण जोडण्या करते आणि फक्त ब्लॉकची देवाणघेवाण करणाऱ्या आणखी दोन करते. अधूनमधून चाचणीची एखादी क्षणभराची जोडणी दिसते आणि जाते. या जोडण्या आपल्या बाजूने सुरू होतात, त्यामुळे त्यांना डब्यातले, म्हणजे इंटरनेट पुरवठादाराने दिलेल्या राउटरमधले, कोणतेही पोर्ट (आत येण्याचे क्रमांक दिलेले दार) उघडावे लागत नाही. एकूण मर्यादा मात्र १२५ ची आहे आणि उरलेल्या जागा ८३३३ या टीसीपी पोर्टवर बाहेरून येणाऱ्यांसाठी असतात. बाहेरून येणाऱ्यांचा रकाना आठवडाभर शून्यावर राहिला, तर नोड बिघडला असे समजू नये; तो बाहेरून कोणाला सापडत नाही, इतकेच. त्याचे स्वतःचे काम अडत नाही, प्रत्येक व्यवहार आणि प्रत्येक ब्लॉक तो तितक्याच काटेकोरपणे तपासतो. अडते ते दुसऱ्याचे, कारण नव्याने सुरू होणाऱ्या नोडला सहाशे जीबीहून मोठी झालेली साखळी कोणाकडून तरी उतरवून घ्यावी लागते आणि ती देऊ शकतात ते दार उघडे असलेले नोडच.

माझा नोड राजारामपुरीतल्या घरी, माळ्याखालच्या फळीवर, जुन्या लॅपटॉपला २ टीबीची एसएसडी लावून चालतो. फायबरची लाइन आली तेव्हा पुरवठादाराने दिलेल्या डब्यात पोर्ट फॉरवर्डिंगचा, म्हणजे ८३३३ वर येणारी जोडणी नोडकडे वळवण्याचा, नियम टाकला, संध्याकाळपर्यंत बाहेरून तीन जोडण्या आल्या आणि मी निर्धास्त झालो. अकरा दिवसांनी आकडा परत दहावर आला. नियम पुन्हा टाकला की चालायचे, मग पुन्हा बंद, आणि पावसाळा लागल्यावर तर आठवड्यातून एकदा हे ठरलेलेच झाले. दोन महिन्यांत मी सात तक्रारी नोंदवल्या आणि प्रत्येक तक्रारीत तेच वाक्य लिहिले, की तुम्ही माझे ८३३३ पोर्ट ब्लॉक केले आहे, ते उघडा. तिसऱ्या तक्रारीनंतर घरी आलेला मुलगा डब्यावरचे दिवे बघून म्हणाला, ‘‘सर, आमच्या बाजूनं सगळं ओपन हाय.’’ मला तेव्हा त्याचा राग आला होता. आज वाटते की तो खरेच बोलत होता. माझा प्रश्नच चुकीचा होता. ‘पोर्ट बंद आहे’ या शब्दांखाली निदान चार निरनिराळे दोष लपलेले असतात, त्यांतले काही आपल्याच घरातले असतात आणि पुरवठादाराने खरोखर पोर्ट अडवलेले असणे हा त्यांतला सर्वांत दुर्मीळ.

पुरवठादाराला फोन लावण्याआधी

सर्वांत आधी नोड कान देऊन बसला आहे का, हे पाहावे. विंडोजवर नेटस्टॅट आणि लिनक्सवर एसएस ही आज्ञा चालवली की उघडी पोर्ट दिसतात. यादीत ८३३३ च्या पुढे ०.०.०.० असा पत्ता दिसला पाहिजे. तिथे १२७.०.०.१ असेल, तर नोड फक्त स्वतःच्याच यंत्राचे ऐकतो आहे आणि डब्यात हजार नियम टाकले तरी उपयोग नाही.

यादीत ८३३३ मुळीच नसेल, तर नोडच्या कॉन्फिगरेशनच्या (सेटिंगच्या) फाइलमध्ये ‘प्रॉक्सी’ची, म्हणजे सगळी वाहतूक मधल्या एका सर्व्हरमार्फत पाठवण्याची, ओळ आहे का ते बघावे. हा खड्डा फसवा आहे आणि मी स्वतः त्यात पडलो आहे. टॉर (आपला पत्ता लपवणारे जाळे) वापरायचा म्हणून आपण प्रॉक्सीची एक ओळ लिहितो आणि तेवढ्याने बिटकॉइन कोअर बाहेरून येणाऱ्यांचे ऐकणे आपोआप बंद करते, कारण प्रॉक्सी लावणाऱ्याला आपला खरा पत्ता उघड करायचा नसेल असे ते गृहीत धरते. गृहीतक समंजस आहे, पण ते न सांगता लागू होते. त्यावर उपाय असा की ‘लिसन’ (बाहेरून येणाऱ्यांचे ऐकणे) या सेटिंगची किंमत स्पष्टपणे १ लिहावी, किंवा प्रॉक्सीऐवजी फक्त ‘अनियन’ची ओळ ठेवावी, म्हणजे टॉरचे पत्ते टॉरवरून जातात आणि बाकीचे नेहमीच्या वाटेने.

दुसरी घरातली गोष्ट म्हणजे विंडोजची फायरवॉल. डबा बदलला किंवा वाय-फायचे नाव बदलले की विंडोज त्याला नवे नेटवर्क समजते आणि बहुतेक वेळा ‘पब्लिक’ या कडक वर्गात टाकते, तर आपण दिलेली परवानगी ‘प्रायव्हेट’ वर्गापुरतीच असते. घरातल्याच दुसऱ्या लॅपटॉपवरून नोडच्या १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या पत्त्यावर ८३३३ ला जोडून पाहिले की हा दोष मिनिटात कळतो: घरातूनच जोडता येत नसेल, तर डब्यापर्यंत जाण्याचे कारण नाही.

तिसरी गोष्ट घरातल्या पत्त्याची. डबा प्रत्येक यंत्राला पत्ता ठरावीक मुदतीपुरता देतो आणि पुन्हा सुरू झाल्यावर तोच देईल असे नाही. माझा लॅपटॉप एकदा १० क्रमांकावरून १४ वर गेला आणि १० क्रमांक बैठकीतल्या टीव्हीला मिळाला. त्यानंतर जवळजवळ तीन आठवडे जगभरातले नोड साखळी मागायला आमच्या टीव्हीकडे येत राहिले. डब्याच्या सेटिंगच्या पानावर नोडच्या मॅक पत्त्याला (यंत्राच्या नेटवर्क कार्डाच्या ओळखक्रमांकाला) एक क्रमांक कायमचा बांधून द्यावा आणि त्याआधी लॅपटॉपमधली वाय-फायसाठी बदलता मॅक पत्ता वापरण्याची सोय बंद करावी, नाहीतर बांधलेला क्रमांक पुन्हा सुटतो. खरे तर नोडला वाय-फायवर ठेवूच नये, साधी केबल लावावी.

आणखी एक कारण नवे आहे. बरेच जण डब्यात हाताने नियम न टाकता यूपीएनपीवर विसंबून असतात, म्हणजे नोडच डब्याला दार उघडायला सांगतो. यूपीएनपीसाठी वापरल्या जाणाऱ्या तयार कोडच्या संचात (लायब्ररीत) २०१५ साली सुरक्षेचा गंभीर दोष सापडल्यावर बिटकॉइन कोअरने ती सोय मुळात बंद ठेवायला सुरुवात केली होती, पण वापरकर्त्याला ती चालू करता येत असे. २०२५ च्या २९.० या आवृत्तीत ती काढूनच टाकली आणि तिच्या जागी पीसीपी व एनएटी-पीएमपी या पद्धती ठेवल्या, ज्या घरोघरच्या डब्यांत असतीलच असे नाही. तेव्हा ‘कालपर्यंत चालत होते, अपडेट केल्यापासून बंद’ अशी स्थिती असेल, तर हाताने नियम टाकणे हाच सरळ मार्ग.

तपासताना एक चूक मात्र सगळेच करतात. घरातल्याच वाय-फायवरून स्वतःचा बाहेरचा पत्ता टाकून पोर्ट उघडे आहे का ते बघतात, आणि बऱ्याच डब्यांना आतून निघून परत आत येणारी जोडणी वळवताच येत नाही, म्हणून उघडे पोर्टही बंद दिसते. फोनचे वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावरून तपासावे किंवा बिटनोड्स या नोड मोजणाऱ्या संकेतस्थळाच्या पानावर आपला पत्ता आणि पोर्ट टाकावे. तपासताना नोड चालू असला पाहिजे, हेही सांगून ठेवतो. बंद यंत्राचे पोर्ट उघडे दिसत नसल्याची तक्रार घेऊन आलेले लोक मी पाहिले आहेत. साखळी पहिल्यांदा उतरत असतानाही बाहेरून कोणी येण्याची वाट पाहू नये, कारण ते काम पुरे होईपर्यंत बिटकॉइन कोअर आपला पत्ता इतरांना सांगतच नाही.

डब्याचा पत्ता आणि जगाला दिसणारा पत्ता

घरातले सगळे ठीक असेल, तर डब्याच्या पानावर जाऊन वॅन पत्ता (पुरवठादाराने डब्याला दिलेला बाहेरचा पत्ता) कागदावर लिहून घ्यावा. मग आपला पत्ता दाखवणाऱ्या कोणत्याही संकेतस्थळावर जाऊन तिथला आकडा त्याच्याखाली लिहावा. दोन्ही अगदी सारखे असतील, तर आपल्याला पब्लिक, म्हणजे जगाला थेट दिसणारा, पत्ता मिळालेला आहे. वेगळे असतील, तर निम्मे निदान इथेच झाले.

डब्यातला पत्ता १०० ने सुरू होत असेल आणि पुढचा आकडा ६४ ते १२७ यांच्यामध्ये असेल, तर आपण पुरवठादाराच्या सामाईक पत्त्यामागे आहोत, ज्याला ते लोक सीजीनॅट म्हणतात. हा पट्टा खास याच कामासाठी एप्रिल २०१२ मध्ये राखून ठेवला गेला आणि त्यात ४१,९४,३०४ पत्ते बसतात. काही पुरवठादार त्याऐवजी १० ने सुरू होणारे खासगी पत्ते देतात, अर्थ तोच. पत्ता १९२.१६८ ने सुरू होत असेल, तर बहुधा पुरवठादाराच्या डब्यामागे आपण स्वतःचा राउटर लावलेला असतो आणि नियम एकाच ठिकाणी टाकलेला असतो. तो दोन्हीकडे टाकावा लागतो, किंवा दोहोंपैकी एकाचे राउटरपण काढून घ्यावे लागते.

सामाईक पत्त्याचा प्रकार आपल्या जुन्या पेठांतल्या वाड्यासारखा आहे. दारावर घर क्रमांक एकच आणि आत चाळीस बिऱ्हाडे. आतल्या कोणी पत्र धाडले आणि त्याचे उत्तर आले, तर देवडीवरच्या माणसाने नोंद ठेवलेली असते म्हणून ते बरोबर बिऱ्हाडात पोचते. पण अनोळखी पाहुणा नुसता घर क्रमांक घेऊन आला, तर त्याला कोणाकडे पाठवायचे याची नोंदच नसते आणि तो दारातून परत जातो. आपल्या डब्यातला नियम हा आपल्या बिऱ्हाडाच्या दाराची कडी काढल्यासारखा आहे; देवडीवर त्याचा काही उपयोग नाही. म्हणून ‘सगळं ओपन हाय’ म्हणणारा मुलगा खोटे बोलत नव्हता. त्यांनी काही बंद केलेलेच नव्हते, उघडण्यासाठी माझ्या नावचे दारच नव्हते.

पुरवठादार असे का करतात, याला लबाडीपेक्षा टंचाई अधिक कारण आहे. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पत्तापद्धतीत एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी, आणि आशिया-प्रशांत विभागाचा मोकळा साठा एप्रिल २०११ मध्येच शेवटच्या राखीव गठ्ठ्यापर्यंत आला होता. त्यानंतर धंद्यात आलेल्या गावोगावच्या छोट्या पुरवठादारांना पत्ते मिळतात ते मोजकेच. ज्याच्याकडे काही शे पत्ते आणि काही हजार ग्राहक आहेत, त्याने पत्ते सामाईक केले नाहीत तरच आश्चर्य.

इथे तक्रारीची भाषा बदलावी लागते. पोर्ट उघडा असे म्हणू नये. ‘‘माझ्या जोडणीला पब्लिक आयपीव्ही४ पत्ता आहे का, आणि नसेल तर स्टॅटिक आयपी कोणत्या दराने मिळेल?’’ एवढेच विचारावे; स्टॅटिक म्हणजे न बदलणारा, फक्त आपल्यासाठीचा पत्ता. आठव्या फोनवर मी हे वाक्य बोललो, तेव्हा समोरच्या बाईंनी दोन मिनिटांत दर सांगितला आणि तिसऱ्या दिवशी पत्ता चालू झाला. बिटकॉइनचे नावही काढण्याची गरज नसते. ते ऐकले की समोरच्याला एकतर माइनिंग आणि विजेचे बिल आठवते किंवा पोलीस आठवतात, आणि प्रश्न बाजूला राहतो. नुसत्या नोडमधून काही उत्पन्न मिळत नाही, त्यामुळे १ एप्रिल २०२२ पासून आभासी मालमत्तेच्या उत्पन्नावर लागू झालेल्या ३० टक्के कराशीही त्याचा संबंध येत नाही. मात्र घरगुती योजनेच्या अटींमध्ये सर्व्हर चालवण्यास मनाई असेल, तर ती अट आधी वाचून घ्यावी. तिथे बोट ठेवले गेले तर आपली बाजू कच्ची ठरते.

परत परत का?

आतापर्यंतचे दोष एकदा काढले की निघायला हवेत. माझा दोष निघून परत येत होता, म्हणून स्टॅटिक पत्ता घेण्याआधी मी महिनाभर वही ठेवली. पोर्ट बंद आढळले की तारीख, वेळ, डब्यातला वॅन पत्ता, डब्याच्या सॉफ्टवेअरची आवृत्ती, फॉरवर्डिंगचा नियम जागेवर आहे की नाही, आणि त्या दिवशी वीज गेली होती का, एवढे लिहायचे. ज्यांना हा त्रास वारंवार होतो त्यांना मी दुसरे काही करण्याआधी हेच सांगतो, कारण दोन निरनिराळी दुखणी बाहेरून सारखी दिसतात आणि वहीशिवाय ती वेगळी होत नाहीत.

महिन्यात पाच वेळा पोर्ट बंद झाले. त्यांपैकी चार वेळा वीज जाऊन आलेली होती, नियम जागेवर होता, पण वॅन पत्ता बदललेला होता, आणि त्या चारांपैकी तीनदा तो १०० ने सुरू होणारा होता. म्हणजे डबा बंद होऊन चालू झाला की पीपीपीओईची (नाव आणि पासवर्ड देऊन होणारी) जोडणी नव्याने होते आणि पुरवठादाराची यंत्रणा मोकळ्या असलेल्या गठ्ठ्यातला पत्ता देते: नशीब असेल तर पब्लिक, नाहीतर सामाईक. पहिले अकरा दिवस माझे नशीब चांगले होते, एवढाच त्याचा अर्थ. पंचगंगेच्या पाण्याबरोबर जोडण्यांचा आकडा खाली का येतो, हे कोडे असे सुटले. पावसात वीज जास्त जाते, वीज गेली की डबा बंद पडतो, आणि पुढचे वर सांगितलेच आहे. बऱ्याच डब्यांना १२ व्होल्टचा पुरवठा लागतो, तो देणारा छोटा यूपीएस बाजारात मिळतो. डब्यामागचे व्होल्ट आणि अँपियर वाचून तो घेतला, तर स्टॅटिक पत्ता न घेताही बंद पडण्याचे प्रमाण पुष्कळ कमी होते. अर्थात गल्लीतल्या खांबावरच्या पेटीलाच वीज नसेल, तर घरच्या यूपीएसने काही होत नाही.

पाचवी वेळ मात्र वेगळी होती. वीज गेली नव्हती, पत्ता तोच होता, पण नियमांची यादी कोरी होती आणि सॉफ्टवेअरच्या आवृत्तीचा आकडा बदललेला होता. पुरवठादाराचा डबा आपल्या घरात असला, तरी त्याचा धनी पुरवठादार असतो. टीआर-०६९ नावाच्या पद्धतीने डबा ठरावीक काळाने पुरवठादाराच्या सर्व्हरला हजेरी देतो, आणि तिकडून नवे सॉफ्टवेअर किंवा नव्या सेटिंग येऊ शकतात. पद्धत २००४ पासूनची आहे आणि तिच्यात मुळात वावगे काही नाही, कारण हजारो घरांतले डबे माणूस न पाठवता दुरुस्त करायला दुसरा उपाय नाही. पण वरून आलेली सेटिंगची फाइल पूर्ण बदलली, की आपण हाताने टाकलेले नियम पुसले जातात, कधीकधी फायरवॉलची पातळी वाढते, आणि एकदा तर आमच्या डब्याच्या पानावरून फॉरवर्डिंगचा रकानाच दिसेनासा झाला होता.

यावर टिकाऊ उपाय एकच: डब्याला ब्रिज करून घेणे आणि त्यामागे स्वतःचा राउटर लावणे. मग पुरवठादाराचा डबा फक्त फायबरमधला उजेड केबलमध्ये आणण्याचे काम करतो आणि पत्ता, फायरवॉल, नियम हे सगळे आपल्या राउटरमध्ये राहते, जिथे पुरवठादाराचा हात पोचत नाही. त्यासाठी पीपीपीओईचे नाव आणि पासवर्ड, आणि व्हीलॅनचा (पुरवठादाराच्या लाइनवरच्या वेगळ्या मार्गाचा) क्रमांक, हे तिन्ही आधी लिहून घ्यावे. हे न घेता डबा ब्रिज केला की घरभर इंटरनेट बंद पडते आणि ज्यांना विचारायचे त्यांना शोधायला इंटरनेट लागते. डब्यातूनच घरचा फोन चालत असेल, तर ब्रिज केल्यावर तो चालेल का हेही विचारावे. कार्यालयातली माणसे या कामाला सहसा नाही म्हणतात. घरी येणाऱ्या तंत्रज्ञाला चहा देऊन समजावून सांगितले तर तो ते पाच मिनिटांत करतो, असा माझा तरी अनुभव आहे.

पोर्ट खरोखर अडवले आहे का

पत्ता पब्लिक आहे, नियम जागेवर आहे, घरातून जोडता येते आणि तरी बाहेरून येता येत नाही, एवढे सगळे जुळले तरच पुरवठादारावर संशय घ्यावा. लिनक्सवर टीसीपीडंप हे वाहतूक दाखवणारे साधन लावून ८३३३ कडे येणारी पाकिटे (माहितीचे तुकडे) बघत बसावे आणि मित्राला बाहेरून जोडायला सांगावे. पाकीट नोडपर्यंत येताना दिसले, तर रस्ता मोकळा आहे आणि दोष नोडच्या यंत्रातच आहे. बाहेरच्या माणसाला लगेच नकार मिळाला, तर पाकीट निदान अशा कोणापर्यंत तरी पोचले ज्याने उत्तर दिले. तो डबाही असू शकतो. बराच वेळ काहीच उत्तर न येता प्रयत्न संपला आणि इकडे पाकीटही दिसले नाही, तर ते वाटेत कोणीतरी गिळले.

मग पोर्ट बदलून पाहावे, ८३३३ ऐवजी २०३३३ किंवा असेच एखादे. पूर्वी बिटकॉइन कोअर ८३३३ वरच्या नोडनाच पसंती देत असे, म्हणून पोर्ट बदलणे म्हणजे गल्लीच्या आतल्या टोकाला दुकान टाकण्यासारखे होते. २०२२ मधल्या २३.० या आवृत्तीपासून ती पसंती काढली गेली आहे. नव्या पोर्टवर लोक येऊ लागले, तर ८३३३ खरोखर अडवलेले होते असे म्हणता येईल, आणि मग भांडत न बसता नव्या पोर्टवर राहावे. सामाईक पत्त्यामागे मात्र पोर्ट बदलून काहीच साधत नाही. स्पॅम आणि किडे (आपोआप पसरणारे घातक प्रोग्राम) रोखण्यासाठी २५, ४४५ यांसारखी पोर्ट अनेक पुरवठादार मुद्दाम अडवतात, पण मी हात घातलेल्या कोल्हापुरातल्या एकाही जोडणीवर ८३३३ वेगळे काढून अडवलेले आढळले नाही.

स्टॅटिक पत्ता मिळतच नसेल तर

उद्यमनगरातल्या माझ्या मित्राला त्याचा पुरवठादार स्टॅटिक पत्ता द्यायला तयार नव्हता. त्याला मी टॉर लावून दिला आणि माझ्या मते बहुतेकांसाठी हाच पहिला पर्याय असावा. टॉरमध्ये नोड स्वतः बाहेर जाऊन भेटीची जागा ठरवतो आणि येणारे तिथे येतात, त्यामुळे सामाईक पत्ता, डबा, नियम यांपैकी कशाचाच प्रश्न उरत नाही. टॉरचे नियंत्रणाचे ९०५१ पोर्ट चालू असेल, तर बिटकॉइन कोअर आपला अनियन पत्ता आपणहून तयार करते. हा पत्ता ५६ अक्षरांचा असतो. डेबियन आणि उबुंटूवर बहुतेकांचे गाडे एकाच ठिकाणी अडते: नोड ज्या वापरकर्त्याच्या नावाने चालतो, त्याला डेबियन-टॉर या गटात घालायचे राहते, आणि लॉगमध्ये कुकी (टॉरची परवानगीची फाइल) वाचता येत नसल्याची ओळ येत राहते. गटात घालून यंत्र पुन्हा सुरू केले की ओळ जाते. टॉर संथ आहे, पण साखळी एकदा उतरलेली असेल तर दर दहा मिनिटांच्या एका ब्लॉकला तो पुरेसा आहे. पहिली उतरवणी मात्र टॉरवरून करू नये.

आयपीव्ही६, म्हणजे पत्त्यांची नवी, कितीतरी मोठी पद्धत, हा दुसरा मार्ग, आणि आपल्याकडे बऱ्याच जोडण्यांवर तो आधीच आलेला असतो. यंत्राला २ ने सुरू होणारा लांब पत्ता मिळाला असेल, तर तो जगभर चालणारा पत्ता आहे. एफई८० ने सुरू होणारा घरापुरताच. इथे फॉरवर्डिंग नसते, डब्याच्या फायरवॉलमध्ये त्या पत्त्यासाठी ८३३३ ला मुभा द्यावी लागते, आणि स्वस्त डब्यांत नेमका तोच रकाना नसतो. २९.० पासूनचे बिटकॉइन कोअर पीसीपीने ही मुभा स्वतः मागू शकते, डब्याला ती भाषा कळत असेल तर. पत्त्याचा पुढचा भाग पुरवठादार बदलत राहतो, हे दुखणे इथेही आहेच.

तिसरा मार्ग व्हीपीएसवरून (दूरच्या भाड्याच्या सर्व्हरवरून) वायरगार्डचा, म्हणजे खासगी जोडणीच्या प्रोग्रामचा, बोगदा काढून त्याचे ८३३३ घरी आणण्याचा. त्यात दर २५ सेकंदांनी एक जागे ठेवणारे पाकीट पाठवण्याची सेटिंग विसरली, तर सामाईक पत्त्यामागची नोंद पुसली जाते आणि बोगदा मुका होतो. पैसे स्टॅटिक पत्त्याइतके किंवा जास्तच लागतात, म्हणून लाइटनिंग (बिटकॉइनवरची झटपट देवाणघेवाणीची पद्धत) चालवणाऱ्यांखेरीज कोणाला मी तो सुचवत नाही. असे दुसरे नोड चालवत असाल, तर लाइटनिंगचे पोर्ट ९७३५ आणि मोनेरो या दुसऱ्या चलनाचे १८०८०. इथेरियमचे ३०३०३ टीसीपी आणि यूडीपी या माहिती पाठवण्याच्या दोन्ही पद्धतींसाठी उघडावे लागते. नुसते टीसीपी उघडून सोबती मिळत नाहीत म्हणणाऱ्यांनी आधी ते पाहावे.

दार उघडताना काय उघडू नये, हेही इथेच सांगितले पाहिजे. बिटकॉइनचे ८३३२ हे पोर्ट नोडला आज्ञा देण्याचे आहे आणि ते बाहेर कधीही जाऊ देऊ नये. क्रमांक शेजारचा असल्यामुळे बोट घसरते. कंटाळून नोडला डीएमझेडमध्ये (डब्याच्या संरक्षणाबाहेर) टाकण्याचा सल्ला देणारे भेटतात, त्यांचे ऐकू नये, कारण त्याने त्या यंत्राची सगळीच पोर्ट उघडी पडतात. डब्याच्या पानाचा मूळ पासवर्ड बदललेला असावा.

पोर्ट उघडले की पहिल्याच महिन्यात नवी तक्रार येते ती वापराची. नवे नोड आपल्याकडून जुनी साखळी उतरवून घेऊ लागतात, एक नोड म्हणजे सहाशे जीबीच्या वर, आणि ‘अमर्याद’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक घरगुती योजनांत महिन्याला ३३०० जीबीची मर्यादा असते, जिच्यापुढे वेग घसरतो. त्यासाठी कॉन्फिगरेशनमध्ये ‘मॅक्सअपलोडटार्गेट’ ही ओळ घालावी. ती दिवसाला किती एमबी बाहेर जाऊ द्यायचे ते ठरवते. मर्यादा जवळ आली की जुने ब्लॉक देणे थांबते आणि ताजे ब्लॉक जात राहतात. मी ती २०,००० वर ठेवली आहे.